काळ्या पावातला गहू

९ मे १८८४, संत निकोलाचा सण

आजपासून लिहायचं. माझी हौस नाही, टोळीनेच ठरवलं. सिसोय म्हणाला, "अक्का, दिवसभर तुला जे बोलायचं असतं ते या वहीत लिही. आमचे कान तेवढे वाचतील." सगळे मेले खिंकाळले. सिसोय माझा धाकटा भाऊ, म्हणून पळी मारली नाही, नुसती दाखवली.

अक्षरं मी देवळातल्या डीकनच्या बायकोकडे शिकले, तिची जमीन घासताना. ती पोथी वाचायची, मी फडकं पिळता पिळता बघायची. समोरून बघितल्यामुळे काही अक्षरं मला अजून उलटीच सुचतात. असू देत. वाचणार कोण आहे?

आम्ही सरकारला न विचारता खणतो. सापडलो तर घोडेस्वार शिपाई पाठ सोलतात आणि झोपड्या जाळतात. म्हणून या ओढ्याला नाव नाही आणि सोन्यालाही नाव नाही. सोन्याला इथे 'गहू' म्हणायचं. खरं नाव घेतलं की ते जमिनीत आणखी खाली बुडतं, असं कोंद्रात सांगतो. कोंद्रात आमचा म्होरक्या. जन्मठेपेतून सुटलेला, एका कानाचा. दुसरा कुठे गेला विचारलं तर म्हणतो, "बायकांचं ऐकून ऐकून झिजला."

मी रांधते, धुते, शिवते, मेल्यावर अंघोळ घालते. प्रत्येक टोळीत अशी एक बाई असते, तिला सगळे माय म्हणतात. माझं नाव उलिता, ते फक्त नवऱ्याला आठवतं.

मला गव्हाचं वेड नाही. शरदात सिसोयला जिवंत घेऊन घरी जायचं, तालोव्का गावात. एवढंच. आई त्याच्या जन्माच्या वेळी गेली, त्याला मीच वाढवला. इथे माणसं कशी मरतात ते मी पाहिलंय. धुराने, दरडीने, सुरीने. आणि उरलीसुरली परतीच्या वाटेवर. पाठीवर बोचकं बांधून तैगातून, म्हणजे या घनदाट रानातून, बाहेर पडणाऱ्याला कुबडा म्हणतात. कुबडे निघतात जास्त आणि पोचतात कमी, कारण वाटेवर झाडाआड कोणीतरी बंदूक घेऊन बसलेला असतो. कोण ते कुणालाच ठाऊक नाही. ज्यांना कळलं ते सांगायला आले नाहीत.

१७ मे

जमीन लोखंडासारखी गोठलेली. खड्ड्यात संध्याकाळी लाकडं पेटवायची, सकाळी विरघळलेली रेती उपसायची, खाली पुन्हा जाळ करायचा. घाई केली की धूर खातो. आज पेर्मकडचा नवा माणूस घाईने उतरला. वर ओढला तेव्हा गाल असे गुलाबी, की आत्ताच न्हाऊन आलाय. मी त्याला थोबाडीत मारल्या, बर्फ चोळला. नाही उठला.

तो थंड व्हायच्या आत लुक्यानने त्याच्या बुटातला चमचा उपसून घेतला. लुक्यान म्हणजे एक उंच, हसरा माणूस. डोक्यावर पिवळ्या कुत्र्याच्या कातड्याची टोपी, उन्हाळ्यातही काढत नाही. सिसोय म्हणाला, "ठेव तो." लुक्यान म्हणाला, "तो आता कशाने जेवणार? तू भरवणारेस?" सिसोयने त्याचं नाक फोडलं. लुक्यानने त्याच चमच्याच्या दांड्याने सिसोयचा गाल उभा फाडला. कोंद्रातने दोघांना लाथेने वेगळं केलं. गाल मी शिवला, घोड्याच्या केसाने. सिसोय ओरडला नाही. "अक्का, टाके बारीक घाल, पोरींना दाखवायचाय," म्हणाला.

लुक्यानचं नाक मी शिवलं नाही. तसंही नाकाला शिवतात कसं, मला ठाऊक नाही.

३ जून

माझ्या पावावरून पुन्हा टिंगल. ओलसर लाकडं, ओढ्याकाठी मातीची भट्टी, पाव फुगणार कसा? सिसोय म्हणतो, "अक्काचा पाव अस्वलाच्या डोक्यात घातला तर कातडं आपलं." एर्मिल, माझा नवरा, हेच म्हणतो. लग्न झाल्यापासून म्हणतोय, "म्हातारे, तुझा पाव नाही, वीट आहे." खातो मात्र.

एर्मिल खाणीत येत नाही, त्याची पाठ धरते. गावात सुतारकाम करतो, शरदात खारी मारायला जातो. खारींनी त्याला चांगला हात दिलाय म्हणायचा. दोन वर्षांत घरावर पत्रा आला, घोडा आला, आरसा आला. मी म्हणते, अरे, ऑगस्टात कसली खार? लाल विरळ केस, कातड्याला कुत्रं विचारत नाही. तो म्हणतो, "तुला शिकारीतलं काय कळतंय?" मला नाही कळत.

पण माणूस देवाचा. भटके, पळालेले कैदी यांच्यासाठी आमच्याकडे प्रत्येक घराच्या खिडकीबाहेर फळी असते, तिच्यावर पाव ठेवायचा. कोणी येतो, घेतो, जातो, तोंडही दाखवत नाही. आमच्या फळीवर शरदात एवढा पाव असतो की पाद्रीबाबाने देवळात नाव घेतलं. मी इकडे, घरची भट्टी थंड, मग भाजतं कोण? म्हणतो, विकत घेतो. हा माणूस मला एक सुई घेऊन देताना चार वेळा श्वास सोडतो. देवासाठी मात्र हात सैल. उपास सगळे धरतो. ऑगस्टात संत इवानचं डोकं उडवलं त्या सणाला तर घरात सुरी, कुऱ्हाड, कात्री काही उचलू देत नाही. पाव हातानेच मोडायचा. कोबीसुद्धा कापायचा नाही, म्हणे डोक्यासारखा दिसतो.

३० जून

काल पीटर-पॉलच्या सणाला एर्मिल आला. घोड्यावर पीठ, मीठ, चहाची वडी. टोळीला पीठ तोच पोचवतो, गुपचूप. सोबत तीन जोड जुने बूट विकायला आणले, जत्रेत मिळाले म्हणाला.

मला भेटून बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. ओढ्यावर मी कपडे आपटत होते, तो शेजारी बसून पाइप ओढत होता.

"सिसोय कसाय?"

"गाल फाडून घेतलाय."

"त्याला तुझ्यापासून सोडू नकोस. शेवटी दोघं मिळून निघा. मी घोडा घेऊन नदीच्या उताराशी येतो. एकटा पाठवू नकोस, ऐकतेस ना?"

एवढी काळजी त्याने माझी कधी केली नाही. मी म्हटलं, "आज पिऊन आलास का?"

मग त्याने विचारलं, आधी कोण निघतंय. मी सांगितलं, लुक्यान. तो हिस्सा घेऊन ऑगस्टच्या सुरुवातीला जाणार म्हणतो, काळ्या ओढ्याच्या काठाने. आणि सगळा राग ओकले. चमचा, गाल, सगळं. "आपल्या दारात आला तर शेगडीजवळ बसवू नकोस मेल्याला. लांबूनच ओळखशील, पिवळी कुत्र्याची टोपी."

"पिवळी टोपी," एर्मिल म्हणाला. "ओळखतो."

"काय करशील?"

"पाहुणचार."

आम्ही दोघंही हसलो. बऱ्याच दिवसांनी एकत्र हसलो.

१ जुलै

एर्मिल गेला आणि कोंद्रातने माझं डोकं फिरवलं. त्या बुटांतला एक जोड तो किती वेळ उलटा धरून बसला होता. टाचेला खिळ्यांचा क्रूस ठोकलेला.

"हे मी ठोकलेत, माय. नझारच्या बुटाला. मागच्या शरदात तो कुबड बांधून गेला."

"मग त्याने प्यायला विकले असतील."

"नझार पीत नव्हता."

"मग मेला असेल, कोणी काढून जत्रेत विकले असतील. एर्मिलने घेतले. तू काय, बुटाचा बाप आहेस?"

तो म्हणाला, "असेलही." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "पीठवाल्याला कोणी आपली वाट सांगायची नाही. परतताना वरच्या खिंडीने जायचं, काळ्या ओढ्याने नाही." आणि मला हळूच, "तुझ्या नवऱ्याच्या बंदुकीला खारीपेक्षा मोठं जनावर लागतं, माय."

मी उकळत्या लापशीची पळी त्याच्या अंगावर फेकली. मान भाजली. त्याने पुसली आणि गेला. जन्मठेपेच्या माणसाला सगळं जग आपल्यासारखंच दिसतं. माझा नवरा मुंगीवर पाय देत नाही.

१२ जुलै

आज अक्षरं कशीही येतील.

पन्हळीत धुतलेला गहू रात्री मडक्यात ठेवतात. सकाळी मोठा दाणा गायब. शेंगेएवढा, सगळ्यांनी बघितलेला. लुक्यान म्हणाला, झडती घ्या, माझ्यापासून सुरू करा. त्याच्याकडे काही नाही. सिसोयच्या बुटात चिंधीत बांधलेली गव्हाची चिमूट निघाली. मोठा दाणा नाही, पण चिमूट निघाली.

सिसोय म्हणाला, "मी ठेवली नाही." कोण ऐकतो! मी म्हणाले, मी रडले, मी कोंद्रातचे पाय धरले. त्याने मला उचलून बाजूला ठेवलं, पोत्यासारखं. टोळीचा कायदा त्यालाही मोडता येत नाही म्हणाला.

आधी फावड्याच्या दांड्यांनी मारला. मग कपडे काढून दलदलीकाठच्या झाडाला बांधला. जुलैत दलदलीकाठी डास आणि बारीक माश्या अशा उठतात की घोडा वेडा होऊन पाण्यात उडी घेतो. मी धुराचं मडकं घेऊन धावले, तर दोघांनी मला धरलं. तिथून ऐकलं. आधी शिव्या देत होता, मग गाणं म्हणत होता, मग नुसता आवाज. माणसाचा नव्हता.

एकाच्या हाताला मी हाड लागेपर्यंत चावले. तरी सोडलं नाही.

१३ जुलै

पहाटे सोडवला. तो सिसोय नव्हता. डोळे नव्हते, नुसत्या दोन चिरा. ओठ हाताएवढे. गालाचे टाके मांसात बुडून गेले. अंगावर रक्त आणि माश्या यांचं काळं कातडं, ते मी कोमट पाण्याने सोलून काढलं. तो म्हणाला, "अक्का, मी नाही." मी म्हटलं, "गप. माहीत आहे."

लुक्यान बघायला आला, तर त्याच्यावर कुऱ्हाड उगारली. तो हसला. तोंड मिटूनच हसला.

२० जुलै, इलियाचा दिवस

पकडला.

किती दिवस माझ्या मनात काहीतरी टोचत होतं. मी जेवण वाढणारी बाई, मला तोंडं दिसतात. लुक्यान चहा गार करून पितो. लुक्यान बडबड्या, आता हूं हूं करतो. लुक्यान पाव कुरतडतो, एकाच बाजूने. आज मी लापशी वाढता वाढता विचारलं, "लुक्यान, मीठ बरोबर आहे का?" तो म्हणाला, "हो माय." 'माय' असं उमटलं, जसं भरल्या तोंडाच्या पोराचं. मी लोखंडी पळी फिरवली आणि जबड्यावर घातली, दोन्ही हातांनी. दोन दात बाहेर आले आणि त्यांच्यामागून मोठा दाणा टेबलावर टणकन पडला.

कोंद्रातने दाणा पुसला, दात बाजूला सरकवले. "झडतीत तोंड राहिलं," एवढंच म्हणाला.

टोळीने लुक्यानला खड्ड्याकडे ओढत नेलं. खाली लाकडं पेटवलेली होती. तो माझ्याकडे बघून ओरडत होता, "माय, माय!" सगळे मलाच माय म्हणतात, मी काय करू? त्याला खाली टाकला आणि वर फळ्या टाकल्या. फळ्यांवर दोघं बसले. फळ्या काही वेळ हलत होत्या. मी बघितलं नाही असं लिहिणार नाही. बघितलं. शेवटपर्यंत बघितलं.

मेलेल्याचे कपडे मायला मिळतात, ही रीत. त्याचा मेंढीच्या कातड्याचा कोट आणि टोपी खड्ड्याकाठीच राहिली होती. मी घेतली. कोट चांगला आहे.

१ ऑगस्ट

सिसोयला एका डोळ्याने धूसर दिसतं, दुसऱ्याने काही नाही. खणता येत नाही. जखमांना वास येतो. इथे राहिला तर महिन्यात जाईल. पाठवायला हवा. पण मी निघू शकत नाही. मी गेले तर टोळी उपाशी, आणि मधेच सोडून जाणाऱ्या मायला हिस्सा नाही. तो हिस्सा त्याच्याच घरासाठी आहे. एर्मिलने एकटा पाठवू नकोस म्हटलं होतं. त्याला काय माहीत पोराची काय दशा झालीय.

टोळीने सिसोयचा हिस्सा पुरा दिला, वर तो मोठा दाणाही दिला. लाज वाटली असेल.

कोंद्रात म्हणाला, वरच्या खिंडीने पाठव. मी म्हटलं, आंधळ्याला खिंड चढायला सांगतोस? काळा ओढा सरळ आहे, पाण्याच्या आवाजामागे चालत गेला तरी उताराशी पोचतो, आणि तिथून आमचं गाव. कोंद्रात म्हणाला, "माय, एकदा तरी दुसऱ्याचं ऐक." मी म्हटलं, "तुझं ऐकलं तेव्हा माझा भाऊ झाडाला बांधलेला होता." तो उठून गेला.

लुटारूंचं मला भय नाही असं नाही. म्हणून डोकं चालवलं. कुबडात थोडा गहू ठेवला, लुटणाऱ्याचं मन भरेल इतका. बाकी सगळा पिठाच्या गोळ्यात दाबला आणि मोठा काळा पाव भाजला. वर सुरीने तीन चिरा दिल्या, कावळ्याच्या पायासारख्या, बोटाने चाचपून कळतील अशा. चिरावाला खायचा नाही, बाकीचे खायचे. सिसोयने हातात तोलला.

"अक्का, हा तर नेहमीएवढाच जड आहे."

किती दिवसांनी हसला. ओठ फुटून रक्त आलं, तरी हसला.

२ ऑगस्ट

गेला.

त्याचे कपडे मारहाणीत फाटले होते. लुक्यानचा कोट घातला, पिवळी टोपी कानावर ओढली, म्हणजे माश्या जखमांना लागणार नाहीत. मागून अगदी लुक्यान दिसत होता, तसाच उंच. मला गंमत वाटली. मेलेल्याने चोरीची भरपाई केली म्हणायची.

हातात काठी दिली. म्हटलं, "उताराशी पोचलास की एर्मिलला हाक मार. तो तिथेच कुठेतरी खारींमागे असेल."

"मारतो. त्याचा आवाज ओळखीन मी. आता कानच चांगले उरलेत."

बराच वेळ त्याचं गाणं ऐकू येत होतं.

१४ ऑगस्ट

शिपाई आले. कोणीतरी धूर पाहिला असणार. मी भट्टीत हात घालून होते, एकदम घोडे झाडांतून फुटले. धावणाऱ्यांना चाबकाने लोळवलं. पेर्मकडचाच आणखी एक होता, त्याने फावडं उगारलं, त्याचं मनगट तलवारीने उडवलं, फावड्याला चिकटलेलं. कोंद्रात खड्ड्याच्या तोंडाशी उभा राहिला, हलला नाही. गोळी चांगल्या कानाखाली लागली. तो मागे पडला, त्या खड्ड्यातच, लुक्यानवर.

मी ओढ्यात झोपले, तोंड झुडपात घालून. माझ्यावरून घोडा गेला, डाव्या हाताची दोन बोटं खुराखाली चिरडली. झोपड्या जळल्या. माझं पीठ जळलं, त्याचा वास भाजलेल्या पावासारखा येत होता.

वही पोटाशी होती, म्हणून राहिली. हिस्सा गेला. जाऊ दे. सिसोयचा पाव पोचला असेल.

२२ ऑगस्ट

एकटी चाललेय, काळ्या ओढ्याने. बोरं आणि अळंबी. बोटं काळी पडली होती. काल दगडावर ठेवून दुसऱ्या दगडाने तोडली. बेशुद्ध झाले, पुन्हा उठले.

वाटेत एक नवं थडगं. ओढ्याच्या वळणावर, मोठ्या देवदाराखाली. कोणीतरी कुबडा. पण किती छान पुरलाय! माती थापून दगड लावलेत, वर क्रूस, आणि क्रूसाला दोन फळ्यांचं छप्पर. एकही खिळा नाही, सगळे सांधे लाकडात लाकूड बसवून. एर्मिल असेच करतो. गावातल्या कुणातरी भल्या माणसाने केलं असावं. तैगात मेलेल्याला कोण विचारतो? कोल्हे खातात. याचं नशीब. नाव मात्र कोरलेलं नाही.

मी गुडघ्यावर बसले, अनोळख्यासाठी म्हणतात ती प्रार्थना म्हटली. ओंजळभर बोरं ठेवली. क्रूसाला हात लावून बघितला, सांधा अजून राळेने चिकट होता. घरी गेल्यावर एर्मिलला सांगीन, तुझ्यासारखा आणखी एक सुतार आहे.

२८ ऑगस्ट

घरी पोचले. सिसोय नाही.

एर्मिल दारात उभा होता. मला बघून भिंतीला टेकला. दाढी पांढरी झालीय, पीटर-पॉलला आला तेव्हा नव्हती. म्हटलं, "सिसोय कुठाय?" तो म्हणाला, "तुझ्याबरोबर नाही का?" आणि माझ्या हाताकडे बघत राहिला, बोटांच्या जागेकडे.

म्हटलं, दोन तारखेलाच निघाला, पोचायलाच हवा. तो म्हणाला, "नदीकडे गेला असेल. पोरगं उडाणटप्पू." सिसोयला एक डोळा आहे हे मी अजून सांगितलंही नव्हतं. सांगितलं तेव्हा त्याने विचारलं नाही, कसं काय. पाणी तापवलं, माझे पाय धुतले. आजवर कधी धुतले नव्हते. धुताना मान एकदाही वर केली नाही. आजारी असेल. यंदा खारीला गेला नाही म्हणाला.

उद्या सकाळी नदीवर जाऊन विचारीन. कोणीतरी पाहिला असेल. पिवळी टोपी काय लपते?

२९ ऑगस्ट, इवानच्या शिरच्छेदाचा सण

नदीवर जायला निघाले. खिडकीखाली फळी. यंदा शिपाई फिरतायत, भटके आले नाहीत, फळी भरलेली. सगळ्यात मागे एक मोठा काळा पाव. वर तीन चिरा.

आत आणला. एर्मिल टेबलाशी बसला होता.

"हा कुठून आला?"

"एका भटक्याने दिला."

"भटके पाव नेतात, एर्मिल. देत नाहीत."

तो टेबलाची कड नखाने खरवडायला लागला.

"असले पाव घरात का नाही आणत? बाहेर का ठेवतोस?"

"तो घरात खायचा नसतो," तो म्हणाला. "पाप आहे."

सणाला सुरी धरायची नाही. मी पाव गुडघ्यावर ठेवला आणि तीन बोटांच्या हाताने आणि पाच बोटांच्या हाताने मोडला. वाळून दगड झाला होता, तडकला. गहू टेबलावर सांडला. मोठा दाणा घरंगळत त्याच्यापुढे जाऊन थांबला.

एर्मिल म्हणाला, "यात होता?" आणि मग, "मला वाटलं, तुझा पाव नेहमीच जड असतो."

मी उभी होते.

"टोपी लुक्यानची होती," तो म्हणाला. "तूच सांगितलंस, उलिते. पिवळी टोपी, काळा ओढा, ऑगस्टची सुरुवात. तूच सांगितलंस. मी लांबून गोळी मारली. तो गात होता, पण ओढ्याच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. जवळ जाऊन उलटा केला तर तोंड असं सुजलेलं, तरी ओळखलं नाही. गालावरच्या टाक्यांनी ओळखलं. तू घोड्याच्या केसाने शिवतेस. मी त्याला नीट पुरला. छप्पर केलं. विचार कुणालाही."

कुणाला विचारू? मीच पाहून आले. मीच बोरं ठेवली.

तो रडत होता. खोटं नव्हतं, नाकातून, दाढीतून गळत होतं. आणि रडता रडता त्याचा हात टेबलावरून फिरायला लागला. तळहाताच्या कडेने तो दाणे गोळा करत होता, पावाचे कण वेगळे, गहू वेगळा. त्याला ते कळतही नसावं. एक दाणा खाली पडला, तर तो बाकाखाली वाकला, चाचपडत, हुंदके देत. सदऱ्याची कॉलर मागे सरकली. त्याची मान मला दिसली. पांढरी, बारीक, मधे खळगा. इतक्या वर्षांत कधी नीट बघितली नव्हती.

भिंतीवर सुरी टांगलेली होती. आज इवानचा दिवस. आज हात लावायचा नाही, त्याचाच नेम आहे.

आता तो झोपलाय, मी पाठ चोळून दिली म्हणून. दाणे चिंधीत बांधून उशाशी घेतलेत. मी गरम लापशी केली, दोघं जेवलो. मोडलेला पाव पुन्हा फळीवर ठेवून आले, तो घरात खायचा नसतो.

उद्या तीस तारीख. उद्या कोबी कापायचा आहे.